गाळलेलं वाक्य

लातूर,
दि. २१ नोव्हेंबर २००१

श्रीमती उमाबाई यांस,

सप्रेम नमस्कार. आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत, तुम्हीही असाल. दिवाळी चांगली झाली. वैष्णवीबरोबर तुम्ही पाठवलेल्या शेंगापोळ्या मिळाल्या. आमच्या यांना फार आवडल्या. मी गोड कमी खाते.

पत्र लिहिण्याचं कारण असं की वैष्णवी आता नांदेडला परत येणार नाही. उरलेले तीन महिने घरी राहूनच अभ्यास करायचा असं तिचं तिनंच ठरवलं आहे. तिकडे तिची प्रकृतीही जरा उतरली होती. इथल्या एका क्लासच्या रिव्हिजन बॅचला तिचं नाव घातलं आहे. लातूरला क्लासेसची काय कमी, सगळ्या महाराष्ट्रातून मुलं इथे शिकायला येतात. मग हिला नांदेडला का पाठवलीत, असं तुम्ही जूनमध्ये मला विचारलं होतं आणि मी हवापालट म्हणाले होते. असो.

तिचं सामान तुमच्या बाबानगरच्या खोलीत राहिलं आहे. नोट्सची पत्र्याची पेटी, टेबललॅम्प, दोन बादल्या, गादी. येत्या रविवारी आमच्या कॉलेजचे शिपाई सिद्रामप्पा नांदेडला लग्नाला येत आहेत, त्यांच्याजवळ द्यावं. गादी राहू द्या, दुसऱ्या कुणा मुलीला होईल.

तिला पत्रं पाठवू नयेत ही विनंती. ऐन परीक्षेच्या तोंडावर लक्ष विचलित होतं. हे तिच्याबरोबर तुमच्याकडे राहणाऱ्या शिवांगीलाही सांगा. अर्थात हे पत्र तीच तुम्हाला वाचून दाखवत असणार, तेव्हा तिला ते कळलंच.

जूनपासून पाच महिने तुम्ही तिला घरात ठेवलंत, वेळेवर जेवू घातलंत, त्याबद्दल आभार.

आपली,
सौ. सौदामिनी वसंतराव देवणीकर
एम.एस्सी., बी.एड.


लातूर,
दि. १६ डिसेंबर २००१

श्रीमती उमाबाई यांस,

नमस्कार. सामान पोचलं. गादीही पोचली. ठेवून घ्या म्हटलं होतं तरी तुम्ही ती उन्हात घालून, खोळ धुऊन पाठवलीत. पेटीत नोट्सच्या खाली ज्वारीच्या पिठाचा डबा आणि लसणाची चटणी निघाली. लातूरलाही ज्वारी मिळते.

आणि पत्रही आलं, वैष्णवीच्या नावाचं. अक्षर शिवांगीचं, मजकूर तुमचा. मला कसं कळलं म्हणाल, तर सकाळी टपालाच्या वेळी आमच्या घराला कुलूप असतं, वैष्णवीही क्लासला असते, म्हणून पोस्टमन टपाल माझ्या कॉलेजात आणून देतो. ते पत्र मी तिला दिलेलं नाही. परीक्षेनंतर देईन.

तुम्हाला वाटेल ही बाई भलतीच कडक आहे. मी सोळा वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. माझ्या हाताखालून गेलेली अकरा मुलं आज डॉक्टर आहेत. आणि माझी स्वतःची मुलगी बारावीला जीवशास्त्रातच शंभरपैकी एक्कावन्न मार्क घेऊन आली. स्टाफरूममध्ये कुणी एक शब्द बोललं नाही. फक्त त्या आठवड्यात सगळेजण मला चहा जरा जास्त प्रेमानं देत होते. म्हणून वर्षभर पुन्हा बसवायची तर दुसऱ्या गावी, असं ठरवलं. हवापालट वगैरे काही नव्हतं.

मग सप्टेंबरात तिचा फोन आला की क्लासच्या चाचणीत चौऱ्याऐंशी पडले. मी विचारलं, कोण सर शिकवतात गं? तर म्हणाली, "सर आहेत तसेच आहेत. मी रोज मावशीला सांगते ना, त्यानं डोक्यात बसतं." मावशी म्हणजे तुम्ही. मावशी म्हणजे आईची बहीण. मला कुणी विचारलं नव्हतं.

दसऱ्याला घरी आली ती बोलण्यात 'हाव' आणि 'लई' आणि 'करून राहिले' घेऊनच. पहाटे उठली. अंथरुणाची घडी केली, जी आजवर मी केली. कारल्याची भाजी मुकाट्यानं खाल्ली. नखं कुरतडणं बंद. वडील ऑफिसातून आले तर त्यांना दारातच म्हणाली, "बाबा, जेवलाव का?" यांचे डोळे भरून आले. मी गेली वीस वर्षं या माणसाला रोज दोन वेळा जेवायला वाढते आहे, त्याबद्दल कधी यांचे डोळे भरलेले मला आठवत नाहीत. आपल्याकडे 'जेवलात का' म्हणतात, एवढं मी तिला सांगितलं.

ऑक्टोबरात मी न कळवता तुमच्याकडे आले होते, तुम्हाला आठवत असेल. चहा घेतला आणि अर्ध्या तासात उठले. बस चुकेल म्हणाले. बस दोन तासांनी होती.

आणखी एक. मुलींना दारापाशी झोपवायचं, दाराला कडी घालायची नाही, चपला उशाशी ठेवायला लावायच्या, हे मला पटलेलं नाही. भूकंपाला आठ वर्षं झाली. किल्लारीच्या शेजारच्या तुमच्या गावात त्या पहाटे काय झालं, तुमचे यजमान आणि लेक कशी गेली, हे वैष्णवीनं मला सांगितलं आहे. आम्हीही त्या पहाटे लातूरच्या रस्त्यावर उभे होतो. वाईट कुणाला वाटत नाही? पण तुमची सिंधु गेली म्हणून दुसऱ्याची मुलगी आपलीशी करून ठेवता येत नाही.

हे रागाच्या भरात लिहिलेलं नाही. विचार करून लिहिलं आहे.

कृपया पुन्हा पत्र पाठवू नये.

सौ. देवणीकर


लातूर,
दि. २७ जानेवारी २००२, रविवार

उमाबाई,

नमस्कार. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. उद्या सकाळच्या बसनं वैष्णवी तुमच्याकडे येते आहे, तिच्याजवळ देते आहे. आणि या वेळी शिवांगी नाही, वैष्णवीच ते तुम्हाला वाचून दाखवेल. पाकीट चिकटवलं आहे. बसमध्ये उघडायचं नाही, उमाबाईंच्या समोर बसून उघडायचं, असं तिला बजावलं आहे. का म्हणून तिनं विचारलं नाही. हल्ली ती मला काहीच विचारत नाही.

म्हणजे आत्ता माझं बोलणं तिच्या तोंडून तुमच्या कानावर जात आहे. वैष्णवी, सावकाश वाच. जिथे मी 'मी' लिहिलं आहे तिथे 'आई' असं वाचू नकोस. 'मी'च वाच.

आधी संक्रांतीबद्दल. तुमचा तिळगूळ आला आणि त्याबरोबर पत्र. एवढं लिहून, वर बजावून, तुम्ही पुन्हा पत्र पाठवलंत म्हणून मी चिडूनच फोडलं. त्यात तुम्ही सांगून लिहवलं होतं, "बाई, वैष्णवी बरी हाय असं तुम्ही लिवलाव, आयकून जिवाला लई बरं वाटलं. आता मला काळजी न्हाई. लेकराला मन लावून अभ्यास करू द्या. तुमीबी जिवाला जपा." मी दोनदा वाचलं. वैष्णवी बरी आहे असं मी कुठेच लिहिलं नव्हतं. तुम्ही माझी थट्टा करता आहात असंसुद्धा मला वाटून गेलं.

पाकिटात तळाशी आणखी एक चिठ्ठी होती, वहीच्या कागदाची. शिवांगीची. तुम्हाला तिचा पत्ता नसणार, म्हणून इथे उतरवून देते.

"काकू, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी मावशींना वाचून दाखवलं नाही. वाचता वाचता मी अडले तर त्यांनी विचारलं, काय लिवलंय? मी म्हटलं, वैष्णवी बरी आहे असं लिहिलंय. मला माफ करा. पुन्हा असं काही लिहायचं असेल तर माझ्या नावानं पत्र लिहा, त्यांच्या नावानं नको."

जळकोटहून आलेली अठरा वर्षांची पोर. पहिल्यांदा वाटलं, समोर असती तर एक ठेवून दिली असती. मग ती चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली आणि आठवडाभर कॉलेजात नेली-आणली. माझ्या अकरा डॉक्टरांपैकी एकालाही हे सुचलं नसतं. मलाही नाही. हिला हे कुणी शिकवलं, याचा मी विचार करत होते आणि उत्तर मला आवडत नव्हतं.

आता ऑक्टोबरातला तो रविवार. मी दारात आले तेव्हा तुमचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तुम्ही स्टोव्हपुढे भाकरी थापत होता. शेजारच्या परातीत पीठ पसरलेलं होतं आणि त्या पिठात वैष्णवीनं बोटानं हृदय काढलं होतं. चार कप्पे, डावा खालचा जाड भिंतीचा, बरोबर. अशुद्ध रक्त इकडून येतं आणि फुप्फुसात जातं, असं ती सांगत होती.

तुम्ही म्हणालात, "म्हंजे?"

"म्हणजे तिथं जाऊन हवा घेतं."

"अन् मग तिथूनच का न्हाई जात अंगभर? पुना माघारी कशाला येतं?"

सोळा वर्षांत हा प्रश्न मला वर्गात एकाही मुलानं विचारलेला नाही. वैष्णवीला येत नव्हतं. माझ्या ओठावर उत्तर आलं होतं. ती म्हणाली, "थांब मावशी, विचार करू दे." आणि तिनं खरोखर विचार केला. बोट पिठात तसंच. माझ्यासमोर तिनं कधी विचार केलेला मी पाहिला नाही. माझ्यासमोर ती नुसतं आठवत असे. मग म्हणाली, "फुप्फुसात इतक्या बारीक नळ्या असतात ना, त्यातून जाता जाता त्याचा जोरच संपतो. म्हणून परत येतं, मग हृदय त्याला दुसऱ्यांदा ढकलतं."

"हाव का," तुम्ही म्हणालात. "दमून येतं म्हण की."

ती हसली. जीवशास्त्र सांगताना माझी मुलगी हसली, उमाबाई. तेवढ्यात तिनं मान वर केली, मी तिला दिसले, आणि तिनं तळहातानं ते हृदय पुसून टाकलं. पीठ सारखं केलं. तुम्ही "या की बाई" म्हणून पदराला हात पुसत उठलात, तुम्हाला काही कळलं नाही. चहा चांगला होता. त्याला काही नाव ठेवण्यासारखं मला सापडलं नाही, हेसुद्धा मला लागलं. नंतर दोन तास मी नांदेडच्या स्टँडवर बसून होते आणि मला एकच दिसत होतं, ती परात.

वैष्णवी, तू का पुसलंस ते मी तुला कधी विचारलं नाही. मला ठाऊक आहे. मी बघितलं असतं तर म्हटलं असतं, झडपा कुठे आहेत?

आता पुढचं वाच. मध्ये थांबू नकोस.

दिवाळीत मी तुला सांगितलं की उमाबाईंनी तुझी जागा दुसऱ्या मुलीला दिली, तसा त्यांचा निरोप आला. ते खोटं होतं. असा कुठलाही निरोप त्यांनी पाठवला नव्हता. आणि उमाबाई, तुम्हाला मी लिहिलं की घरी राहायचं तिचं तिनंच ठरवलं. तेही खोटं. दोघींनाही मी हेच पटवलं की दुसरीला तुम्ही नको झाला आहात. तुम्ही दोघी एकीपेक्षा एक मानी, तेव्हा दोघींनीही उलटून विचारलं नाही. हे मी आधीच ओळखून होते. मुलांची पारख मला चांगली आहे.

तुम्ही तिला पाठवलेली दोन पत्रं आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात होती, बेडकाच्या बरणीच्या मागे. दुसरं जानेवारीच्या सुरुवातीला आलं होतं. दोन्ही या पाकिटात आहेत. फोडलेली आहेत, तीही मीच फोडली. एकात तुम्ही लिहवलं आहे, "पोटात गेलेल्या घासाचं अर्धंच सांगून गेलीस, फुडं काय होतंय त्याचं?" हे वाचून मी कपाटापाशी उभी राहून हसले आणि मग माझाच मला राग आला. त्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं. पण ते तुम्ही मला विचारलं नव्हतं.

मी काही प्रयत्न केला नाही असं समजू नका. डिसेंबरात एकदा पोळ्या लाटता लाटता मी तिला म्हटलं, "आज काय शिकवलं?" ती म्हणाली, मूत्रपिंड. मी म्हटलं, "म्हणजे?" तिनं पुस्तकातली व्याख्या म्हणून दाखवली, स्वल्पविरामासकट. मी पुन्हा म्हटलं, "म्हणजे?" ती म्हणाली, "आई, तुला माहीत आहे ना? मग चाचणी कशाला घेतेस?" आणि ताटं घ्यायला लागली.

तिचं बरोबर होतं. तुम्हाला खरंच माहीत नसतं आणि तुम्हाला खरंच ऐकायचं असतं. घास पोटात गेल्यावर त्याचं काय होतं याची तुम्हाला रुखरुख लागते. मला लागत नाही. मला फक्त ती चुकते कुठे हे बघायचं असतं. एम.एस्सी. असून मला न येणारी ही गोष्ट तुम्हाला येते, आणि मुली तुमच्याजवळ बसून आपोआप तशाच होतात. वैष्णवी विचार करायला तिथे शिकली. शिवांगी गप्प कुठे बसायचं ते तिथे शिकली. तुम्ही कुणाला काही शिकवायला बसलाच नव्हता, आणि मी सोळा वर्षं खडू झिजवते आहे. मला तुमचा हेवा वाटतो. मी दुसरा जरा बरा शब्द शोधून पाहिला. सापडला नाही.

इथल्या क्लासच्या परवाच्या चाचणीत तिला अठ्ठावन्न पडले. तिच्या बोलण्यात 'लई' नाही, 'हाव' नाही. माझ्या घरात आता अगदी शुद्ध मराठी बोललं जातं, आणि तेही दिवसाला पाच-सहा वाक्यं. हे मात्र जेवताना तिला मुद्दाम म्हणतात, "जेवलाव का?" ती मान हलवते.

गेल्या गुरुवारी झेंडावंदनाच्या तालमीमुळे माझे तास झाले नाहीत. दुपारीच घरी आले. जिन्यात होते तर स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू आलं. वाटलं, कुणी तरी आलं आहे. कुणी नव्हतं. वैष्णवी एकटीच खाली बसली होती. तुम्ही पाठवलेल्या डब्यातलं पीठ परातीत ओतलेलं. दोन महिन्यांत ते कडू झालं असणार, मी फेकायला सांगितलं होतं, तिनं फेकलं नव्हतं. त्या पिठात तिनं मूत्रपिंड काढलं होतं आणि ती सांगत होती. मध्येच थांबायची आणि म्हणायची, "म्हंजे?" तुमच्या आवाजात, तुमच्या हेलात. मग स्वतःच्या आवाजात उत्तर द्यायची. एकदा उत्तर आलं नाही तर तुमच्या आवाजात म्हणाली, "असू दे बाय, दम खा, मग सांग."

तुम्ही इथून इतक्या लांब होता तरी तिच्यासमोर बसलेल्या होता. मी दहा पावलांवर होते.

मी आल्या पावली जिना उतरले. खाली उभी राहून शेजारच्या उपाध्यांच्या झाडाकडे पाहिलं थोडा वेळ. मग चपला वाजवत वर आले. तोपर्यंत परात धुऊन पालथी घातलेली होती.

त्याच संध्याकाळी मी यांना सगळं सांगितलं. हे फार बोलत नाहीत. म्हणाले, "पोरीला सांग." मी म्हटलं, माझ्याच्यानं तिच्या तोंडाकडे बघून होणार नाही. तेव्हा हे पत्र.

आता ते वाक्य. शिवांगीनं गाळलेलं.

तिनं ते गाळलं म्हणून तुम्ही मला अजून बरी बाई समजता. तसं समजून तिळगूळ पाठवता, जिवाला जपा म्हणून सांगता. तो तिळगूळ डब्यात तसाच आहे, मला खाता येत नाही. मी लिहिलं होतं, "तुमची सिंधु गेली म्हणून दुसऱ्याची मुलगी आपलीशी करून ठेवता येत नाही."

वैष्णवी, वाचलंस का? नसेल वाचलं तर मागे जा आणि मोठ्यानं वाच. शिवांगी फार चांगली मुलगी आहे, जन्मभर तिच्या संगतीत राहा. या एका वाक्यापुरती मात्र तिच्यासारखी वागू नकोस.

उमाबाई, मी याची माफी मागत नाही. मागितली की तुम्ही लगेच "जाऊ द्या की बाई" म्हणाल, आणि ते इतक्या लवकर ऐकायची माझी लायकी नाही. सिंधु माझ्या मुलीच्याच वयाची होती हे मला माहीत असताना मी ते लिहिलं. खोटं म्हणून नाही, तुम्हाला लागावं म्हणून लिहिलं. आणि खोटंही ते होतंच. तुम्ही कुणालाही ठेवून घेतलं नव्हतं. ती आपण होऊन तुमच्याजवळ बसत होती. माझ्याजवळ बसत नव्हती, एवढंच माझं दुःख, आणि ते मी तुमच्या दुःखावर नेऊन टाकलं.

बारावीचा पहिला पेपर महिन्यावर आला आहे. मेमध्ये सीईटी. तोवर तिला तुमच्याकडे राहायचं आहे. ती तसं म्हणालेली नाही, पण मी काल तुझं सामान बांध म्हटलं तर कुठे जायचं हे विचारायच्या आधी तिनं पेटी ओढून पुढे घेतली. गादी पाठवते आहे. या वेळी मीच उन्हात घातली.

हे सगळं ऐकूनही तुमची तयारी असेल तर तिला ठेवून घ्या. नसेल तर त्यात तुमचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. चारच्या बसनं परत पाठवा, हे स्टँडवर थांबतील. मी घरीच असेन. राहिली तर दारापाशीच झोपू दे. कडी घालायची की नाही, ते तुम्ही म्हणाल तसं.

एक गोष्ट तेवढी मागते. तिच्या केसांना तेल तुम्ही लावू नका. शनिवार-रविवारी ती आली किंवा मला येऊ दिलंत तर मी लावेन. ते मला चांगलं येतं, आणि त्यात मला काही माहीत असण्या-नसण्याचा प्रश्न येत नाही. हे लिहितानाही मी हेवाच करते आहे, मला कळतं आहे. एका पत्रानं तो जाईल असं मला वाटत नाही.

वैष्णवी, परीक्षा झाल्यावर घरी यायचं की नाही, कधी यायचं, ते तुझं तू ठरव. या वेळी तूच ठरवलंस असं मी लोकांना सांगेन तेव्हा ते खरं असेल.

पत्राखाली पदव्या लिहायची मला सवय आहे, त्या आज लिहीत नाही. जी सही करते आहे तीही वैष्णवीलाच मोठ्यानं वाचायची आहे. तिच्या तोंडून ती कशी येते ते मला ऐकू येणार नाही, तुम्हाला येईल. तेवढंही तुमच्याच वाट्याला.

तुम्हा दोघींची हरकत नसेल तर,
वैष्णवीची आई